कचेरीतले ज्ञान कोणाचे वतन?

सरकारी कचेरीतले काम नियमांच्या पुस्तकाप्रमाणे चालते, असा बाहेरच्या माणसाचा समज असतो. नोकरीला लागलेल्या माणसाचा हा समज पहिल्या महिन्यातच ओसरतो. नियम पुस्तकात असतात. पण कोणता नियम कोठे लागतो, कोणत्या शासन निर्णयाने कोणता शासन निर्णय रद्द झाला, टिपणी कशी मांडली म्हणजे ती त्रुटी काढून परत येत नाही, कोणती नोंद आज घेतली नाही तर पाच वर्षांनी चौकशी मागे लागते, हे सगळे कोणाच्या तरी डोक्यात असते. ज्याच्या डोक्यात ते असते तो ते सांगेलच असे नाही. तो कोणाला सांगतो आणि कोणाला सांगत नाही, या साध्या वाटणाऱ्या गोष्टीवर नव्या कर्मचाऱ्याचे भवितव्य आणि खिडकीपलीकडे उभ्या असलेल्या माणसाचे काम अवलंबून असते.

सरकारी नोकर आपले कामाचे ज्ञान सहकाऱ्याला का देतो आणि का देत नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. व्यवस्थापनशास्त्रात या प्रश्नाची पुष्कळ चर्चा होते. पण त्या चर्चेत कचेरी ही बहुधा जात नसलेल्या माणसांची जागा समजली जाते. आपल्या देशात अशी जागा नाही. म्हणून या प्रश्नाकडे आपल्या बाजूने पाहणे जरूर आहे.

ज्ञानाचे तीन थर

कचेरीतल्या ज्ञानाचे तीन थर असतात. पहिला थर लिहिलेल्या नियमांचा. रजा, वेतन, निवृत्तिवेतन, वर्तणूक, शिस्त व अपील यांविषयीचे महाराष्ट्र नागरी सेवा नियम १९७९ ते १९८२ या काळात तयार झाले; ते छापलेले आहेत आणि कोणालाही मिळतात. शासन निर्णयही आता शासनाच्या संकेतस्थळावर ठेवले जातात. दुसरा थर या लिहिलेल्या ढिगाऱ्यातून नेमके काढण्याचा. एकाच विषयावर वीस शासन निर्णय असतात. त्यांतला आज कोणता जिवंत आहे हे सांगणारा माणूस लागतो. जुना अव्वल कारकून जी निवडनस्ती जपून ठेवतो तिचे मोल यासाठीच असते. तिसरा थर हाताचा. टिपणीत वस्तुस्थिती आधी मांडावी की नियम आधी, अभिप्राय किती स्पष्ट द्यावा, कोणत्या कागदाची प्रत आपल्याजवळ ठेवावी, हे कोणत्याही पुस्तकात नसते. ते शेजारी बसून शिकावे लागते.

पहिला थर कायद्याने सर्वांचा आहे. दुसरा आणि तिसरा मात्र ज्याच्याजवळ असतो त्याच्या मर्जीवर असतो. बिंदुनामावलीचे उदाहरण घ्या. संवर्गातील प्रत्येक पदाला बिंदू असतो आणि त्या बिंदूवर कोणत्या प्रवर्गाचा माणूस यावा हे ठरलेले असते. सभरवाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये निर्णय दिला की आरक्षण रिक्त जागांवर मोजायचे नसून पदांवर मोजायचे आहे. तेव्हापासून ही नोंदवही ठेवणे हे बारकाव्याचे काम झाले. एक नाव चुकीच्या बिंदूवर बसले, गुणवत्तेवर खुल्या जागी आलेला मागासवर्गीय उमेदवार राखीव बिंदूवर दाखवला गेला, तर एका माणसाची नोकरी जाते आणि ती गेली हे त्याला कधी कळतही नाही. महाराष्ट्राच्या आरक्षण कायद्यात अनुसूचित जातींसाठी १३ टक्के लिहिलेले आहेत. ते १३ टक्के प्रत्यक्षात उतरतात की नाही हे ती नोंदवही वाचता येणाऱ्या माणसांवर ठरते. ही वही वाचायला आपल्यातल्या किती जणांना कोणी शिकवले?

वतनाचा वारसा

ज्ञान दडवण्याची ही रीत इंग्रजी कचेरीने नव्याने आणलेली नाही. गावगाड्यात दप्तर कुलकर्ण्याचे होते. कोणाची जमीन किती, कोणाचा सारा किती, कोणाची बाकी किती हे मोडीत लिहिलेले असे आणि ते वाचता येणारे घर गावात एखादेच असे. हे ज्ञान बापाकडून मुलाकडे जाई. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात सरकारी खात्यांतला भट कामगार अडाणी शेतकऱ्याला कागदाच्या जोरावर कसा नाडतो याचे तपशीलवार वर्णन केले आहे. जोतीरावांच्या लक्षात आलेली गोष्ट मोठी होती. गोऱ्या साहेबाच्या हाती सत्ता होती, पण कागदाचे ज्ञान होते कारकुनाच्या हाती. आणि शेतकऱ्याची गाठ पडे ती कारकुनाशी.

याच गावात दुसरेही एक ज्ञान होते. गावाची शीव कोठून जाते, कोणता दगड कोणी हलवला, कोणते शेत पूर्वी कोणाचे होते, हे महाराला ठाऊक असे. शिवेच्या तंट्यात त्याचा शब्द प्रमाण मानला जाई. हे ज्ञान त्याने गावाला दिले. ते त्याचे कर्तव्यच ठरवलेले होते. त्याबद्दल त्याला मिळाले बलुते आणि वतनाची तुटपुंजी जमीन. एकाचे ज्ञान लिहिलेले, म्हणून ते मालमत्ता झाले. दुसऱ्याचे ज्ञान तोंडी, म्हणून ते वेठीत धरले गेले. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतने बरखास्त करून पगारी तलाठी नेमले, तेव्हा गावच्या कागदावरची एका घराची मालकीच त्यांनी मोडून काढली. महारकीचे वतन मोडायला मात्र पुढे १९५८ चा कायदा यावा लागला. बाबासाहेबांनी त्यासाठी १९२८ पासून विधेयक मांडून झुंज दिली होती.

मुंबईच्या गिरण्यांतही हाच प्रकार होता. कापड विणण्याच्या खात्यात पगार चांगला. पण अस्पृश्य कामगाराला तेथे प्रवेश नव्हता. कारण सांगितले जाई ते असे की धोट्यातले सूत तोंडाने ओढून घ्यावे लागते आणि अस्पृश्याने तोंड लावलेल्या धोट्याला इतरांनी तोंड कसे लावावे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. विणकाम हे शेजारच्या साच्यावर उभे राहून शिकण्याचे काम. शेजारी उभेच राहू दिले नाही की कसब आपोआप बंद होते. त्यासाठी वेगळा नियम करावा लागत नाही.

बडोद्याला १९१७ मध्ये खुद्द बाबासाहेब नोकरीवर रुजू झाले तेव्हा शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकीत, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. परदेशात उच्च शिक्षण घेतलेल्या माणसाला कचेरीने कागद दिला तो असा. तेव्हा माणूस किती शिकलेला आहे एवढ्यावर कचेरीतले ज्ञान मिळत नाही. ते मिळण्यासाठी त्याला कोणीतरी शेजारी बसवून घ्यावे लागते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि ऑगस्ट १९४३ मध्ये केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखल्या गेल्या. खुर्चीचा हक्क कागदावर आला. खुर्चीवर बसून करावयाच्या कामाचे ज्ञान मात्र कोणत्याही हुकमाने राखून ठेवता येत नव्हते.

माणूस ज्ञान का दडवतो?

या प्रश्नाचे एक चांगले उत्तर फ्रान्समध्ये सापडते. मिशेल क्रोझिए या समाजशास्त्रज्ञाने तेथील सरकारी तंबाखू कारखान्यांचा अभ्यास केला. त्याचे नोकरशाहीवरील पुस्तक १९६३ मध्ये फ्रेंचमध्ये आणि १९६४ मध्ये इंग्रजीत आले. या कारखान्यांत सगळे नियमाने बांधलेले होते. बढती, बदली, पगार, कामाचे वाटप, कशातच कोणाच्या मर्जीला वाव नव्हता. अनिश्चित गोष्ट एकच होती : यंत्र केव्हा बंद पडेल हे सांगता येत नसे. ते दुरुस्त करणे फक्त देखभाल कामगारांना येई. त्यांनी यंत्रांचे नकाशे कारखान्यातून नाहीसे होऊ दिले. दुरुस्तीचे ज्ञान ते नव्या देखभाल कामगाराला तोंडीच देत आणि यंत्र चालवणाऱ्याला यंत्राला हात लावू देत नसत. हुद्द्याने ते मोठे नव्हते, पण सगळा कारखाना त्यांच्या तोंडाकडे पाही.

क्रोझिएने काढलेला निष्कर्ष आपल्या कचेऱ्यांना तंतोतंत लागू पडतो. जेथे सगळे नियमाने ठरलेले असते तेथे उरलेली एखादी अनिश्चित जागा ज्याच्या ताब्यात, त्याची सत्ता. आपल्याकडे वेतननिश्चिती येणारा एकच कारकून असतो, अंदाजपत्रक जुळवणारा एकच असतो, न्यायालयीन प्रकरणांची उत्तरे लिहिणारा एकच असतो. तो रजेवर गेला की कचेरी थांबते. त्याची बदली होत नाही, साहेब त्याला दुखावत नाही. अशा माणसाने आपले काम दुसऱ्याला शिकवावे अशी अपेक्षा करणे म्हणजे त्याने आपली जहागीर वाटून द्यावी अशी अपेक्षा करणे होय. हा माणूस दुष्ट असतो असे नाही. जेथे कामाचा मान कामावर मिळत नाही आणि अडवणुकीवर मिळतो, तेथे कोणीही असाच वागू लागेल. आपला माणूसही वागतो.

मग माणूस ज्ञान देतो तरी का?

पीटर ब्लाऊ या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने दोन सरकारी कचेऱ्यांत महिनोन् महिने बसून हे पाहिले. त्याचे पुस्तक १९५५ चे आहे. पहिली कचेरी बेकारांना काम मिळवून देणारी, आपल्याकडच्या सेवायोजन कार्यालयासारखी. कोणी किती जणांना काम लावून दिले याचे आकडे तेथे दरमहा मोजले जात. त्यातल्या एका विभागात या आकड्यांवर माणसाची किंमत ठरे; तेथले कर्मचारी रिकाम्या जागांची माहिती एकमेकांपासून लपवू लागले. दुसऱ्या विभागात वरिष्ठ आकड्यांवर एवढा भर देत नसे, माणसांना नोकरीची शाश्वती होती आणि बहुतेकांनी एकत्र प्रशिक्षण घेतले होते; तेथे माहिती सर्वांसाठी मोकळी राहिली. गंमत अशी की व्यक्तीव्यक्तीची स्पर्धा लावलेल्या विभागापेक्षा सहकार्य करणाऱ्या विभागाचेच एकूण काम अधिक भरले.

दुसरी कचेरी कायद्याच्या अंमलबजावणीसाठी तपासणी करणाऱ्या निरीक्षकांची. तेथे नियम असा होता की अडचण आली तर वरिष्ठालाच विचारावे. निरीक्षक मात्र वरिष्ठाला विचारायचे टाळीत, कारण विचारले की अज्ञान उघडे पडे आणि ते आपल्या मूल्यमापनात उतरेल अशी धास्ती असे. ते एकमेकांना विचारीत. ब्लाऊने म्हटले की हा एक प्रकारचा सौदा आहे. सांगणाऱ्याचा वेळ जातो, पण त्याला मान मिळतो. विचारणाऱ्याला उत्तर मिळते, पण ‘तुला अधिक कळते’ हे कबूल करून तो त्याची किंमत मोजतो. ही किंमत वारंवार मोजावी लागू नये म्हणून साधारण कुवतीचे निरीक्षक आपल्या बरोबरीच्या माणसाशी जोडी जमवीत आणि नेहमीच्या अडचणी आपसात सोडवीत. जाणत्या माणसाकडे ते फारच अडले तर जात.

या दोन अभ्यासांतून तीन गोष्टी हाती लागतात. ज्ञान दिल्याने आपली जागा धोक्यात येणार नाही अशी शाश्वती असली तर माणूस देतो. दिल्याबद्दल मान मिळत असला, किंवा उद्या आपल्यालाही मिळेल असा भरवसा असला, तर देतो. आणि ज्या कामासाठी कचेरी आहे ते काम आपले वाटत असले तर देतो. शाश्वती, परतफेड आणि बांधिलकी ही या देण्यामागची खरी बळे आहेत. बक्षिसाची योजना काढून किंवा ‘ज्ञान वाटा’ असे परिपत्रक काढून ती निर्माण होत नाहीत.

विचारण्याची दुप्पट किंमत

आता यात जात मिळवून पाहा. राखीव जागेवर आलेला तरुण टेबलावर बसतो. त्याला एक शंका आहे. सवर्ण सहकाऱ्याने तीच शंका विचारली तर तो ‘नवा आहे, शिकतो आहे’ असे म्हटले जाते. याने विचारली तर ‘कोट्यातला आहे, कसे येणार’ असा शेरा मागून ऐकू येतो. ‘सरकारचे जावई’ ही शिवी ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. विचारण्याची किंमत इतरांना एकपट पडते. याला स्वतःची आणि समाजाची अशी दुप्पट पडते. म्हणून तो विचारत नाही. न विचारता करतो, चुकतो, आणि चूक झाली की पूर्वग्रह खरा ठरल्याचे समाधान सर्वांना मिळते. बाबूराव बागुलांच्या १९६३ च्या संग्रहातील ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेतला नायक रेल्वेच्या नोकरीत जात लपवतो. जात कळली की माणसांचे बोलणेचालणे कसे पालटते हे त्या कथेने मराठी वाचकाला दाखवले. त्या बोलण्याचालण्यातूनच तर कामाचे ज्ञान वाहत असते.

सौद्याची दुसरी बाजूही विषम असते. सांगणाऱ्याला मान मिळतो तो ऐकणारा बरोबरीचा असेल तर. ज्याचा मान आधीच गृहीत धरला आहे त्याला सांगून नवे काय मिळणार? दलित कर्मचारी स्वतः जाणता झाला तरी त्याच्याकडे शिकायला येणे पुष्कळांना कमीपणाचे वाटते. ते त्याने केलेला मसुदा उचलतात, पण त्याचे नाव घेत नाहीत. अशा ठिकाणी परतफेडीचा भरवसा कोठून यावा?

संविधानाच्या अनुच्छेद ३३५ मध्ये अनुसूचित जाती-जमातींचे हक्क प्रशासनाच्या कार्यक्षमतेशी सुसंगत राहून विचारात घ्यावेत असे म्हटले आहे. आरक्षणाच्या विरोधकांनी ‘कार्यक्षमता’ या शब्दाची काठी करून आजवर वापरली. पण कार्यक्षमता ही कोणाच्या रक्तात असत नाही. ती टेबलाशेजारी बसून शिकवली जाते. शिकवायचे नाही आणि मग येत नाही म्हणून हसायचे, हा न्याय एकलव्याच्या गुरूचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१९ रोजी पवित्रा खटल्याच्या दुसऱ्या निकालात सांगितले की प्रशासनाच्या कार्यक्षमतेत सर्व समाजघटकांचा समावेशही मोजला पाहिजे. हे न्यायालयाने म्हटले, आता कचेरीने म्हणावयाचे आहे.

गोपनीय अहवालाची धास्ती हाही या प्रश्नाचाच भाग आहे. पूर्वी फक्त प्रतिकूल शेरे कळवले जात. ‘साधारण’ किंवा ‘चांगला’ असा शेरा कळवला जात नसे, आणि बढतीच्या वेळी तोच आड येई. देव दत्त खटल्यात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की अहवालातील प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. शेरा उघड झाला की त्याविरुद्ध दाद मागता येते. दाद मागता येते म्हणून विचारण्याचे भय थोडे कमी होते. पण हा निर्णय माहीत असलेला सहकारी शेजारी हवा!

आपली बरोबरीची जोडी

ब्लाऊच्या निरीक्षकांनी बरोबरीच्या माणसाशी जोडी जमवली. आपल्या कर्मचाऱ्यांनीही तेच केले. गेल्या साठ-सत्तर वर्षांत मागासवर्गीय कर्मचाऱ्यांच्या संघटना उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे मोर्चे आणि निवेदने यांच्या हिशेबाने पाहिले जाते. पण त्यांचे एक शांत काम नेहमी दुर्लक्षित राहिले. विभागीय परीक्षेच्या वह्या एकाकडून दुसऱ्याकडे गेल्या. ठराविक मुदतीत आणि ठराविक संधींत ही परीक्षा पार न केल्यास सेवाज्येष्ठता जाते, हे नव्या मुलाला कोणीतरी वेळेवर सांगितले. ‘हा कागद लेखी माग, तोंडी आदेशावर सही करू नकोस’ हा सल्ला पुष्कळांची नोकरी वाचवून गेला. तो देणाऱ्याला त्यातून काही मिळाले नाही. आपल्याला कोणी सांगितले नव्हते हे त्याला आठवत होते, एवढेच.

पुण्यातील संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत आंबेडकर जयंती आणि बुद्ध जयंती यांच्या सुट्ट्या काढून घेतल्या गेल्या तेव्हा दीनाभाना या चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्याने विरोध केला. तेथेच नोकरीला असलेले कांशीराम या प्रसंगाने चळवळीकडे वळले. ६ डिसेंबर १९७८ रोजी बामसेफची स्थापना झाली. राखीव जागांचा लाभ घेतलेल्या नोकरदाराने समाजाची परतफेड केली पाहिजे, हा तिचा विचार. या परतफेडीत पैसा आला, वेळ आला आणि बुद्धीही आली. बांधिलकी हे बळ वर सांगितले ते येथे दिसते.

परंतु आपण आपल्याशीही प्रामाणिक राहिले पाहिजे. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयीची निराशा बोलून दाखवली. ती आपण दरवर्षी भाषणात सांगतो आणि सोमवारी कचेरीत विसरतो. आपल्यातला जो अधिकारी झाला त्याने वेतननिश्चिती, बिंदुनामावली, विभागीय चौकशी यांचे आपले ज्ञान किती जणांना दिले? काही जण ते पोटजात पाहून देतात. काही जण पुरुष सहकाऱ्याला चहाच्या टपरीवर सांगतात आणि महिला कर्मचारी त्या टपरीवर नसते. काही जणांना वाटते, मी झगडून शिकलो, यानेही झगडावे. हा कुलकर्ण्याचाच न्याय आहे. वतन बदलले, वृत्ती तीच राहिली, तर परिवर्तन कोणते झाले?

सगळ्यांत खाली उभा असलेला सफाई कामगार पाहा. लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे त्याच्या वारसाला नेमणूक मिळू शकते. प्रस्ताव कोणत्या नमुन्यात, कोणत्या कागदांसह करायचा हे आस्थापनेवरच्या कारकुनाला माहीत असते, कामगाराला नसते. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या अर्जात कोणती त्रुटी राहिली हे महाविद्यालयाच्या कारकुनाला दिसते, विद्यार्थ्याला दिसत नाही. तेथे आपला माणूस बसलेला असून त्याने सांगितले नाही, तर त्या खुर्चीवर कोण बसले आहे याने गरिबाला काय फरक पडतो?

लिहून ठेवणे हाच उपाय

चांगुलपणावर कोणतीही व्यवस्था उभी राहत नाही. ज्ञान देणे हे मर्जीचे न राहता कामाचा भाग व्हावे लागते. त्याचा मार्ग लिहून ठेवणे हा आहे. अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी १९८० नंतरच्या दशकात त्या कचेरीची घडी बदलली. त्या पद्धतीतले सहा गठ्ठे आजही महाराष्ट्रातल्या कारकुनाला माहीत आहेत. चालू प्रकरणे, प्रतीक्षेतील प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेशांची संचिका, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद असे हे गठ्ठे. वरकरणी ही कागद लावण्याची रीत आहे. पण तिचा अर्थ मोठा आहे. स्थायी आदेशांची संचिका टेबलावर असली की दुसरा माणूस त्या टेबलावर बसून काम करू शकतो. ज्ञान डोक्यातून टेबलावर येते आणि टेबल सरकारचे असते.

माहितीचा अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अमलात आला. त्याच्या चौथ्या कलमाने प्रत्येक कार्यालयावर सतरा बाबी स्वतःहून प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले. कर्मचारी कामासाठी जे नियम, सूचना आणि नियमपुस्तिका वापरतात तेही त्यात येतात. पुष्कळ कार्यकर्ते सहाव्या कलमाखाली अर्ज करतात. चौथ्या कलमाचा आग्रह फार थोडे धरतात. वास्तविक चौथे कलम हेच कचेरीतल्या वतनदारीवरचे खरे औषध आहे. एका माणसाला माहिती देण्याऐवजी ते सर्वांसाठी दप्तर उघडते, आणि त्यात कचेरीतला नवा दलित कारकूनही आला.

बदल्यांच्या कायद्याने शासकीय कर्मचाऱ्याचा पदावधी सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा ठरवला. बदली ही वतन मोडणारी गोष्ट आहे. पण कार्यभार देताना नुसती नस्त्यांची यादी दिली आणि कामाची टिपणी दिली नाही, तर तीन वर्षांचे ज्ञान त्या माणसाबरोबर निघून जाते आणि येणारा पुन्हा पहिल्यापासून चाचपडतो. कंत्राटी भरतीचा प्रश्नही येथे जोडून पाहिला पाहिजे. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाह्य यंत्रणांमार्फत मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय काढला आणि विरोधानंतर ऑक्टोबरमध्ये तो रद्द केला. पण निरनिराळ्या योजनांतून कंत्राटी माणसे कचेऱ्यांत आहेतच. अकरा महिन्यांच्या नेमणुकीवरचा संगणकचालक आपल्या हातचे काम दुसऱ्याला का शिकवील? शिकवले की त्याची गरज संपते. शाश्वती काढून घेतली की ज्ञानाची वाटणी थांबते, आणि जेथे शाश्वती नाही तेथे आरक्षणही बहुधा नसते.

म्हणून आपल्या संघटनांनी मागण्यांच्या यादीत काही साध्या गोष्टी घालाव्यात. प्रत्येक टेबलाची स्थायी आदेश संचिका अद्ययावत असावी आणि दप्तर तपासणीत ती पाहिली जावी. कार्यभार देताना कामाची लेखी टिपणी सक्तीची असावी. नव्या कर्मचाऱ्याला पहिले सहा महिने शिकवण्याची जबाबदारी नाव घालून एका अनुभवी कर्मचाऱ्यावर टाकावी आणि त्याने ती कशी पार पाडली याची नोंद त्याच्या अहवालात व्हावी. हे मागण्याबरोबर स्वतः करण्याचेही आहे. ज्याला बिंदुनामावली येते त्याने महिन्यातून एक रविवार विहारात किंवा संघटनेच्या जागेत बसून ती पाच जणांना शिकवावी. तेथे भटक्या-विमुक्तांचा, आदिवासी, मुस्लिम किंवा ओबीसी मुलगा आला तर त्यालाही शिकवावे, आणि सवर्ण मुलगा आला तर त्यालाही. जातीने बंद केलेले ज्ञान आपण पुन्हा जातीत बंद केले तर बाबासाहेबांचे नाव घेण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही.

निवृत्त होणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्याचा सत्कार आपण शाल-श्रीफळ देऊन करतो. यापुढे त्या दिवशी त्याच्याकडून एक वही मागून घ्यावी. तीस-पस्तीस वर्षांत जे कोणी शिकवले नाही आणि जे ठेचा खाऊन शिकावे लागले, ते त्या वहीत लिहिलेले असावे. आपल्या आज्याला गावाची शीव तोंडपाठ होती, पण ती लिहून ठेवण्याची सोय त्याला नव्हती. आपल्याला लिहिता येते. न लिहिण्याची सबब आपल्याजवळ उरलेली नाही.